आठ आणे समाधानाचे

मोखाड्याला आम्ही राहायला गेलो तेव्हा माझं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. हे नाशिकच्या एका पेढीत नोकरीला होते. त्या पेढीची एक शाखा जव्हारला होती. जव्हार म्हणजे संस्थानची राजधानी. तिथे दुकानदार, लाकडाचे मक्तेदार, हिरड्याचे व्यापारी असल्यामुळे पैशाची उलाढाल मोठी. दुसरी शाखा मोखाड्याला काढायचं मालकांनी ठरवलं आणि कारभारी म्हणून ह्यांना पाठवलं. त्र्यंबकहून बैलगाडीने घाट उतरताना हे मला म्हणाले होते, "गाव लहान आहे, पण आपलं आपण चालवायचं आहे." त्यांना त्याचाच आनंद जास्त होता.

पेढी आणि आमचं घर एकच. पुढची खोली पेढीची, तिला लागून रुंद ओटा, आणि मागे दोन खोल्या आमच्या. मधे एक दार आणि एक लहान झरोका. पुढे कोण आलं, काय बोललं, ते मला चुलीपाशी बसून ऐकू येई. सुरुवातीला मला त्या लोकांची बोली कळत नसे. त्यांनाही माझी कळत नसावी, कारण मी बोलले की बायका एकमेकींकडे बघून हसत.

मोखाड्याला व्यापारी थोडे. गिऱ्हाईक यायचं ते बहुतेक डोंगरातल्या पाड्यांवरचं. ही माणसं भाताची, नागलीची कापणी झाली की घरं बंद करून वसईच्या बाजूला गवत कापायला, मिठागरांवर कामाला जात आणि पावसाच्या आधी परत येत. घरात मोलाचं असं काही असलं तर बाईच्या अंगावरची चांदी. ती सोबत न्यावी तर वाटेत भीती, झोपडीत ठेवावी तर तिथेही भीती. ह्यांनी ते ओळखलं आणि चांदी सांभाळायला घ्यायला सुरुवात केली. त्याबद्दल थोडे पैसे घ्यायचे, त्याला ठेवणावळ म्हणत. माणसांना अक्षरओळख नव्हती, म्हणून प्रत्येक पिशवीला ज्याची त्याची खूण बांधायची. कोणी चिंचोका बांधी, कोणी मोरपीस, कोणी लुगड्याची चिंधी. पिशव्या मी शिवत असे. आम्हाला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे माझ्याजवळ वेळ पुष्कळ होता.

हे मुळात बोलघेवडे. आलेल्या माणसाला आधी बसवायचं, पाणी द्यायचं, गाय व्याली का, पोरीचं लग्न ठरलं का, सगळं विचारायचं आणि मग पिशवी काढायची. वर्षभरात ते त्यांची बोली बोलायला शिकले. मी चिडत असे. जेवण गार होई, तरी पुढच्या खोलीतलं बोलणं संपत नसे.

"अहो, त्यांचं काम तरी आधी करा, मग गप्पा मारा," मी म्हणायची.

"अगं, हेच काम आहे," ते म्हणत.

वावर आणि वांगणी ही गावं तशी जव्हारच्या अंगाला. तिथल्या माणसांना जव्हारची पेढी जवळ पडे. तरी त्यातली कितीतरी माणसं जव्हार मागे टाकून आमच्याकडे चालत येत. वांगणीची एक म्हातारी होती. काटक, थोडी वाकलेली, तोंडाने फटकळ. ती आली की ओट्यावर बसायच्या आधीच बोलायला लागे. "शेट, तुजा गाव लई लांब. पेढी उचलून आमच्याकडं आन." हे हसत. मला ती "बाय" म्हणे आणि माझ्या शिवणीतले टाके मोठे पडतात म्हणून नावं ठेवी.

थोरले मालक होते तोवर सगळं सुरळीत चाललं. ते वर्षाकाठी दिवाळीच्या पाडव्याला दोन्ही कारभाऱ्यांना नाशिकला बोलावत, नफा किती झाला ते विचारत, जव्हारच्या कारभाऱ्याला उपरणं देत आणि ह्यांना म्हणत, "मोखाडा आपला खर्च भागवतो ना, मग चालू द्या." ह्यांना उपरणं कधी मिळालं नाही आणि त्याचं त्यांना वाईटही वाटलं नाही.

मग मानमोडीची, म्हणजे त्या जीवघेण्या तापाची, साथ आली. मुंबईकडे कामाला गेलेली माणसं ती घेऊन परत आली आणि पाड्यांवर घरंच्या घरं आजारी पडली. भात शेतात उभं होतं आणि कापायला माणूस नव्हतं. लोक चांदी परत न्यायला येऊ लागले, विकून दाणे घ्यायचे म्हणून. कधी बाईची पिशवी न्यायला तिचा भाऊ यायचा, आणि तो आला की आम्ही समजायचो. ह्यांनी त्या वर्षी कोणाकडूनही ठेवणावळ घेतली नाही. नाशिकला तसं कळवलं, पण थोरले मालक स्वतः अंथरुणावर होते, उत्तर आलं नाही. शेवटी ह्यांनाही ताप चढला. दोन दिवस पेढी बंद राहिली. तिसऱ्या दिवशी मी आडवी येत असताना हे उठून, भिंत धरत धरत पुढे गेले आणि दार उघडून बसले.

वांगणीची म्हातारी त्याच सुमाराला आली. पाऊस अवेळी लागला होता. तिच्या पाठीला फडक्यात बांधलेला नातू होता आणि तो तापाने फणफणत होता. ह्यांनी तिला पाहिलं आणि ते तिच्यावर ओरडले. "असल्या पोराला घेऊन एवढ्या पावसात आलीस? अक्कल आहे का तुला?" मी त्यांना एवढ्या मोठ्याने बोलताना कधी ऐकलं नव्हतं.  मी पोराला आत घेतलं, शेकलं, ऊन पेज पाजली. दोघं चार दिवस आमच्याकडे राहिली. पोर वाचलं.

साथ ओसरली आणि थोरले मालक गेल्याची बातमी आली. पेढी त्यांच्या पुतण्याकडे गेली. त्यांना सगळे धाकटे मालक म्हणत. ते मुंबईला शिकलेले होते. मनाने चांगले होते, हे मी आजही म्हणेन. त्यांनी दोन्ही कारभाऱ्यांना बोलावून सांगितलं की नुसता नफा पाहून कारभाऱ्याची पारख करणं बरोबर नाही. गिऱ्हाईक नाखूश असेल तर आजचा नफा उद्या राहत नाही. तेव्हा यापुढे कारभाऱ्याचं काम रुपयात, म्हणजे सोळा आण्यांत, मोजायचं. आठ आणे नफ्याचे आणि आठ आणे गिऱ्हाइकाच्या समाधानाचे. समाधान कसं कळायचं, तर नाशिकहून तपासनीस जाईल आणि गिऱ्हाइकांनाच विचारेल.

हे नाशिकहून परत आले ते हसतच. गाडीतून उतरायच्या आधी मला हाक मारली आणि सगळं सांगितलं. "इतकी वर्षं कोणी विचारलं नव्हतं बघ. आता विचारणार. साथीमुळे नफ्यात मी मागे पडेन. पण दुसऱ्या आठ आण्यांत मला काळजी नाही."

मलाही नव्हती.

तपासनीस आधी जव्हारला गेले आणि मग आमच्याकडे आले. मध्यम वयाचे, शांत, काळजीपूर्वक बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी ह्यांना सांगितलं, "तुम्ही समोर असलात तर लोक मोकळेपणी बोलणार नाहीत. बाजाराच्या दिवशी मी ओट्यावर बसतो, तुम्ही आत थांबा." ह्यांनी आनंदाने कबूल केलं. बाजाराच्या दिवशी सकाळी मी आणि हे झरोक्याच्या खाली बसून राहिलो. बाहेरचा शब्द न शब्द ऐकू येत होता.

पहिला आला तो गावाजवळच्या पाड्यावरचा, आमच्या अगदी नेहमीचा माणूस. तपासनिसांनी विचारलं, "पेढीबद्दल काही तक्रार आहे?"

"हाय की," तो म्हणाला. "शेट लई येळ लावतो. बोलतच बसतो. माझा अर्धा दिस जातो हतं."

हे माझ्याकडे बघून हसले. मीही हसले, कारण ती माझीच तक्रार होती.

दुसरा म्हणाला, "गेल्या सालाला दोन दिस पेढी बंद. आमी लांबून आलो न तसंच माघारी गेलो."

तिसरा थोडा प्यायलेला असावा. "माझ्या बायकोचा रुपा मला देत नाय. म्हनतो बायकोला घेऊन ये. बायको माझीच ना?" रुपा म्हणजे चांदी. ओट्यावरची माणसं खो खो हसली. कोणीतरी त्याला चिडवलं. सगळ्यांना मजा येत होती. एकाचं ऐकून दुसऱ्याला काहीतरी आठवे. पिशवीची खूण एकदा सुटून गेली होती. पाण्याच्या माठाला गळती आहे. शेट कापणीच्या दिवसांत नाशिकला जातो तेव्हा मागे कोणी नसतं. हे सगळं खरं होतं. एकही गोष्ट खोटी नव्हती.

मग मला ओळखीचा आवाज ऐकू आला. वांगणीची म्हातारी. ती म्हणाली, "माझ्यावर वरडला एकदा. पोरगा मरत व्हता माझा, न हा वरडला."

"का ओरडले?" तपासनिसांनी विचारलं.

"पावसात आली म्हनून."

एवढंच. पुढचे चार दिवस, पेज, पोर वाचलं, त्यातलं ती काही बोलली नाही. तिला ते कोणी विचारलंच नव्हतं.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते आता हसत नव्हते. मांडी घालून बसले होते आणि समोरच्या भिंतीकडे बघत होते. बाहेर अजून माणसं बोलत होती. मी म्हटलं, "तुम्ही तिकडे जाऊन बसा ना, मागच्या खोलीत." ते उठले नाहीत. संध्याकाळपर्यंत तिथेच बसून सगळं ऐकलं.

तपासनीस जेवायला आमच्याकडेच होते. हे त्यांच्या समोर बसले, पण घास तोंडात जात नव्हता. तपासनिसांना अवघडल्यासारखं झालं असावं. ते म्हणाले, "जव्हारला कोणाचीच तक्रार नव्हती. ज्याला विचारावं तो म्हणाला, चांगले आहेत. मलाही आश्चर्य वाटलं."

मी दाराआड उभी होते. परक्या पुरुषाशी मी कधी बोलत नसे. पण त्या दिवशी मला राहवलं नाही. मी म्हटलं, "वावर-वांगणीची माणसं जव्हार सोडून इतक्या लांब इथे का येतात, ते विचारलंत का त्यांना?"

  तपासनीस दाराकडे न बघता म्हणाले, "वहिनी, मला तक्रार आहे की नाही एवढं विचारायला सांगितलंय. जे येतात त्यांना मी विचारलं. कुठून आणि का येतात, ते माझ्या कामात बसत नाही."

"आणि जे जव्हारला जायचे बंद झाले त्यांना?"

"ते मला तिथे भेटलेच नाहीत ना."

हे म्हणाले, "पुरे. वाढ त्यांना." मी भात वाढला.

पाडव्याला निकाल लागला. जव्हारच्या कारभाऱ्याला रुपयात चौदा आणे आणि ह्यांना सहा. धाकट्या मालकांनी ह्यांना काढलं नाही. उलट समजुतीने सांगितलं की तुम्ही मेहनती आहात, पण तुम्हाला माणसं सांभाळायची हातोटी नाही. काही वर्षं जव्हारला दुय्यम म्हणून राहा आणि तिथल्या कारभाऱ्यांकडून शिकून घ्या. मोखाड्याला दुसरा माणूस नेमला.

घरी येऊन हे मला एवढंच म्हणाले, "मला वाटत होतं त्यांना मी आवडतो."

आम्ही निघालो त्या सकाळी पाड्यांवरून पुष्कळ माणसं आली. नागलीचं पीठ, वाळवलेली मोहाची फुलं, एक कोंबडी, जे ज्याच्या घरात होतं ते घेऊन आली. तो दारुडा, ज्याने बायकोच्या चांदीची तक्रार केली होती, त्याने आमची ट्रंक डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत आणली. "शेट, कशाला जातास?" ते विचारत होते. कोणालाच कळत नव्हतं. ह्यांनी कोणाकडे वर मान करून पाहिलं नाही. मी सगळ्यांना हात जोडले. गाडी हलली तरी माणसं तिथेच उभी होती.

जव्हारला आम्हाला दोन खोल्या मिळाल्या. पेढी वेगळ्या आळीत होती. तिथले कारभारी वाईट मनुष्य नव्हते. हिशेबाला चोख, कोणाचा पैसाही न खाणारे. पण गिऱ्हाईक आलं तर ते मान वर करत नसत. डोंगरातली माणसं उन्हात अंगणात उभी राहत. कोणी एक शब्द जास्त बोललं तर पिशवी परत आत जाई आणि त्या माणसाला दुसऱ्या दिवशी यायला सांगत. त्यांनी ह्यांना समजावून सांगितलं होतं, "बसायला सतरंजी टाकली की गिऱ्हाईक बोलायला लागतं. बोलायला लागलं की मग त्याला काही ना काही खुपायला लागतं. उभं ठेवा. काम झालं की जातं."

एकदा मी बाजारात गेले असताना वांगणीची म्हातारी भेटली. माझा हात धरून रडली. म्हणाली, नवा शेट आला तेव्हापासून मोखाड्याला जात नाही, आता जव्हारलाच यावं लागतं. मला तिचा राग होता. मी सरळ विचारलं, "मग त्या दिवशी तू असं का बोललीस त्यांच्याबद्दल?"

तिला काही कळेना. "काय बोलली?"

"ओरडले म्हणून सांगितलंस."

"वरडलाच ना तो," ती म्हणाली. "त्यानं इचारला, मी सांगितला."

"आणि इथल्या शेटाबद्दल विचारलं असतं तर?"

तिने मागे वळून पाहिलं. मग आवाज खाली करून म्हणाली, "बाय, तो इचारनारा जाल निंगून. शेट हतंच राहील. माझा रुपा त्याच्या हातात. मी काय बोलू? चांगला हाय, असाच म्हनायचा." मग म्हणाली, "तुझ्या शेटाचा काय भ्याव?"

मी घरी येऊन हे सगळं ह्यांना सांगितलं. मला वाटलं त्यांच्या मनावरचं ओझं उतरेल. माणसं त्यांच्यावर नाराज नव्हती. ती भीत नव्हती, म्हणून बोलली. मी दोनदा नीट समजावून सांगितलं. ते ऐकत राहिले.

"म्हणजे," ते म्हणाले, "मला घाबरली असती तर…"

"तसं नव्हे हो."

"तसंच आहे. मालकांना हे कोण सांगणार? आणि सांगितलं तरी ते मोजायचं कसं?"

त्या दिवसापासून हे बदलायला लागले. एका दिवसात झालं नाही. आधी बोलणं कमी झालं. मग गिऱ्हाइकाशी त्यांच्या बोलीत बोलणं बंद झालं, शहरातल्या मराठीत बोलू लागले. कधीतरी मी पेढीवरून जाताना पाहिलं तर हे मान खाली घालून बसलेले असत आणि अंगणात माणसं उभी असत. मी एकदा म्हटलं, "त्या पोटुशी बाईला तरी बसवायचं." ते म्हणाले, "एकीला बसवलं की सगळ्यांना बसवावं लागतं."

जव्हारच्या कारभाऱ्यांना पुढे नाशिकला मोठ्या जागेवर नेलं आणि त्यांच्या खुर्चीवर हे बसले. मोखाड्याची शाखा तोवर बंद झाली होती. नव्या माणसाला लोकांची बोली येत नव्हती आणि लोकांनी चांदी ठेवायचं सोडून दिलं होतं. खर्च भागेना, म्हणून बंद केली.

पुन्हा तपासणी झाली. तेच तपासनीस आले. आता केस पांढरे झाले होते. ह्यांच्याबद्दल ज्याला विचारावं तो म्हणे, चांगले आहेत. नफाही भरपूर होता. ह्यांना रुपयात पंधरा आणे मिळाले. इतके आजवर कोणालाच मिळाले नव्हते. धाकट्या मालकांनी स्वतः उपरणं दिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले की माणूस मनावर घेतो तेव्हा कसा सुधारतो ते ह्यांच्याकडून शिकावं.

हे ते उपरणं घेऊन घरी आले आणि माझ्यापुढे ठेवलं. मी त्याला हात लावला नाही.

"तू काही बोलत नाहीस," ते म्हणाले.

"त्यांनी चांगले आहेत म्हटलं, ते कसं म्हटलं ते ऐकलंत का तुम्ही?"

"ऐकलं."

"मग?"

"मग काही नाही. लिहिणारा शब्द लिहून घेतो. आवाज कसा होता ते कोणी लिहीत नाही." त्यांनी उपरण्याची घडी उचलली आणि स्वतःच ट्रंकेत ठेवून दिली.

त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. उन्हाळा सरत आला होता, वसईकडे गेलेली माणसं परतत होती. वांगणीची म्हातारी आमच्या दारात आली. आता ती फारच वाकली होती. बरोबर तो नातू होता, चांगला उंच झालेला. त्याचं लग्न ठरलं होतं आणि नातसुनेच्या अंगावर घालायला ठेवलेली चांदी झोपडीतून गेली होती. चुलीशेजारी पुरून ठेवली होती. घरात कोणी नाही हे पाहून कोणीतरी कूड मोडून आत शिरलं आणि जमीन उकरून नेली. तिची, तिच्या सुनेची, तिच्या आईची, सगळी. म्हातारी रडत नव्हती. पोलीस पाटलाला सांगायला शेटाने दोन शब्द लिहून द्यावे, एवढंच तिचं मागणं होतं.

हे घरातच होते. बाहेर आले. तिला ओळखलं. मला त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर मोखाड्याचे हे दिसले.

"अगं, पण पेढीत का नाही ठेवलीस?" त्यांनी विचारलं. कितीतरी वर्षांनी ते तिच्या बोलीत बोलले होते.

म्हातारीने मान खाली घातली. एवढी फटकळ बाई, पण तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. नातवाने तिचा पदर धरला होता. ती हळूच म्हणाली, "पेढी चांगली हाय, शेट. तुमी चांगलं हाव."

 मला वाटलं हे आता काहीतरी बोलतील. ते आत गेले, दोन ओळी लिहून आणून तिला दिल्या आणि पुन्हा आत गेले. तिने तो कागद दोन्ही हातांनी घेतला. मी तिला बस म्हटलं. ती बसली नाही. मी माझ्या हातातल्या चांदीच्या दोन बांगड्या काढून तिच्या नातवाच्या हातात दिल्या. तिने त्या परत केल्या नाहीत, पण मला बाय म्हणून हाकही मारली नाही. दोघं गेली.

त्यानंतर ह्यांनी पुष्कळ खटपट केली. पेढीच्या अंगणात मांडव घातला, सतरंज्या टाकल्या, माठ ठेवले. येईल त्याला बस म्हणायचे, घरचं विचारायचे. माणसं सतरंजीच्या कडेला उभी राहत. बसा म्हटलं तर बसत आणि काम झालं की लगेच उठत. काही विचारलं तर हो म्हणत. एकदा हे जेवताना म्हणाले, "आज एकाला विचारलं, माझं काही चुकतं का? तो घाबरून निघून गेला. पिशवी तशीच राहिली." मग त्यांनी ताट बाजूला सारलं.

वावर-वांगणीची माणसं पुन्हा आली नाहीत. म्हातारी गेल्याचं आम्हाला पुढे फार उशिरा कळलं. बाजारात कोणीतरी सहज बोललं. तिची चांदी कधी सापडली नाही.

वय झाल्यावर आम्ही नाशिकला आलो. ह्यांची पेढीवर जाण्याची सवय सुटली नाही. धाकटे मालक त्यांना मान देत. नव्या कारभाऱ्यांना नेमताना ह्यांना जवळ बसवत आणि विचारत, हा कसा वाटतो. ह्यांनी एकदा सांगून पाहिलं की लोक काय बोलतात हे विचारू नका, लोक बोलतात का ते पाहा. मालक म्हणाले, म्हणजे ज्याच्याबद्दल तक्रारी जास्त तो कारभारी चांगला, असं का? ह्यांना तसं म्हणायचं नव्हतं. पण काय म्हणायचं आहे ते त्यांना नीट मांडता येईना. मालकही हसले, बाकीचेही हसले, आणि हे पुन्हा त्यावर बोलले नाहीत. मला घरी येऊन सांगितलं तेव्हा मी म्हटलं, मला कळतंय. त्यांनी मान हलवली.

ते गेले तेव्हा पेढीतली सगळी माणसं आली होती. धाकटे मालक स्मशानापर्यंत चालत गेले. मागून मला भेटायला येऊन म्हणाले, "इतक्या वर्षांत त्यांच्याबद्दल एक वाईट शब्द माझ्या कानावर आला नाही." त्यांना मनापासून वाईट वाटत होतं, ते मला दिसत होतं. मी मान डोलवली. मोखाड्याला कळवावं असं माझ्या मनात आलं होतं. तिथल्या कितीतरी माणसांचे चेहरे मला आठवत होते. पण त्यांच्यातलं कोण उरलं असेल, कोणत्या पाड्यावर असेल, आणि कोणाच्या हाती निरोप द्यायचा, यातलं मला काहीच माहीत नव्हतं. तेराव्यापर्यंत मी विचार करत राहिले. मग ते तसंच राहून गेलं.